ऐकायला एनडी

"ऐकायला एनडी, मत द्यायला कारखाना." आमचे आबा हे इतक्या सहज म्हणत, की त्यात काही खटकण्यासारखं आहे हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या पिढीचा निम्मा राजकीय इतिहास या पाच शब्दांत बसतो. उरलेला निम्मा म्हणजे एन. डी. पाटील या माणसाचं आयुष्य.

पेपरात 'प्रा. एन. डी. पाटील', पक्षात 'भाई', साताऱ्याला शिकून आलेल्यांच्या तोंडी 'सर' आणि आमच्या पारावर नुसतं 'एनडी', तेही आदरार्थी बहुवचनात. नारायण ज्ञानदेव हे पूर्ण नाव पारावर कुणी घेतल्याचं मी ऐकलं नाही. जन्म १५ जुलै १९२९, गाव ढवळी, घर शेतकऱ्याचं. तेव्हा आमचा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. सांगली जिल्हा पुढचा.

आबांना एनडींविषयी विचारलं की ते क्रांतिसिंह नाना पाटलांपासून सुरुवात करत. मधेच अडवलं की रागावत. "आरं, झाड सांगायचं तर मूळ नको का सांगाया?" क्रांतिसिंहांचं येडेमच्छिंद्र आमच्याच तालुक्यातलं, आणि त्यांच्या प्रतिसरकारचा जोर होता तेव्हा आबा मिसरूड फुटलेल्या वयाचे. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ आगगाडी लुटली गेली. त्या वेळी आपण रुळाशेजारी होतो असं सांगणारे इतके म्हातारे मला आमच्या भागात भेटलेत, की गाडीत बसायला कोण उरलं होतं असा प्रश्न पडावा. आबांनी तसला दावा कधी केला नाही. उसाच्या फडात लपलेल्यांना भाकरी पोचवायची, एवढंच त्यांच्याकडं होतं. एनडी त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचे. आसपासच्या गावांत सावकाराला जाब विचारला जातोय, लोक आपले तंटे आपणच न्यायदान मंडळापुढं मिटवतायत, हे सगळं त्या वयात त्यांच्या कानावर पडत होतं.

मग स्वातंत्र्य आलं, आणि ज्यांनी भाकरी पोचवल्या त्यांना वाटलं की आता जमिनीचं, सावकाराचं, मालाच्या भावाचं काहीतरी होईल. जे झालं ते त्यांच्या हिशेबात पुरेसं नव्हतं. काँग्रेसमधून बाहेर पडून केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, काढला तो या नाराजीवर. १९४८ साली एनडी त्या पक्षात गेले तेव्हा ते विशीतही नव्हते. १९५० साली दाभाडीला पक्षानं आपला मार्क्सवादी कार्यक्रम मंजूर केला. चार-पाच वर्षांत जेधे-मोरे काँग्रेसमध्ये परतले. एनडी परतले नाहीत. शेवटपर्यंत त्याच पक्षात राहिले.

पुढची गोष्ट थोरल्या मामांची. मामा १९५५ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात होते. हे रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेलं. ज्याच्या घरात फीचे पैसे नाहीत त्यानं अंगमेहनत करावी, त्यातून जेवावं नि शिकावं, ही 'कमवा व शिका' योजना तिथली. पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. झालेले एनडी १९५४ ते ५७ तिथं प्राध्यापक होते आणि या योजनेचं कामही त्यांच्याकडं होतं.

मामांना मी कितीदा विचारलं, की सरांनी तुम्हाला काय शिकवलं? मामा डोकं खाजवत. वर्गातलं त्यांना काही म्हणता काही आठवत नसे. आठवायचं ते काम. पहाटेची घंटा, हातात टिकाव, खडी फोडताना डोळ्यात कचरा जाऊ नये म्हणून मान कशी तिरकी धरायची ते. तळहाताला फोड आला की तो फोडायचा नाही, त्यावर चिंधी गुंडाळायची. पत्र्याच्या ताटात ज्वारीची भाकरी नि आमटी. आमटीत डाळ शोधावी लागे आणि सापडली तर शेजाऱ्याला दाखवली जाई. खडी फोडलेल्या हातानं तासाभरानं वहीत लिहायला घेतलं की अक्षर थरथरायचं. मामांच्या त्या वर्षीच्या एका वहीची पहिली ओळ नेहमी वेडीवाकडी आणि पानाच्या तळाला अक्षर सरळ झालेलं, हे मी स्वतः पाहिलंय. मागणी-पुरवठ्याचे आलेख होते त्यात. शिकवणारा माणूसही अशाच घरातून वर आलेला आहे, हे त्या पोरांना ठाऊक होतं आणि मामांच्या मते निम्मं शिक्षण त्यातच झालं.

कर्मवीर ९ मे १९५९ रोजी गेले. एनडी रयतच्या व्यवस्थापनात आले ते त्याच सुमारास. इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. प्राचार्याची खुर्ची ही आमच्याकडं मामलेदाराच्या वरची मानली जाते. त्यात आयुष्य काढलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण १९६० साली ते विधान परिषदेवर गेले. मग १९६२ साली वकिलीची पदवीही घेतली. आमदार झाल्यावर परीक्षेला बसणारा माणूस आजच्या हिशेबात विचित्रच म्हणायचा.

१९६० ते ६६, मग १९७० ते ७६ आणि लगेच ७६ ते ८२, अशी अठरा वर्षं ते परिषदेत होते. विधानभवनाची आजची नरिमन पॉइंटची इमारत १९८१ सालची. त्याआधी सभागृह भरायचं ते रीगलच्या जवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथं आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. थोरले मामा एकदा मुद्दाम पास काढून सज्जात जाऊन बसले. इस्त्रीचे कपडे, डोक्यावर टोपी, खिशात गूळ-शेंगदाणे. त्या दिवशी सर बोललेच नाहीत! दोन तास मामांनी कुठल्याशा विधेयकाच्या पोटकलमांवरची चर्चा ऐकली, आणि गावात येऊन मात्र सगळ्यांना सांगितलं की सरांनी सरकारला पार झोपवलं. हे खरं त्यांनी मला वयाच्या ऐंशीत सांगितलं.

मामा काहीही सांगोत, त्या काळची परिषद ही खरोखर अभ्यासाची जागा होती. सभापती होते वि. स. पागे, आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, रोजगार हमीची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते. सभागृहात १९६६ पासून ग. प्र. प्रधान होते, फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलेले. एक इंग्रजीचे प्राध्यापक, एक अर्थशास्त्राचे. एक समाजवादी, एक शेकापचे. १९७२ च्या दुष्काळानंतर 'मागेल त्याला काम' हे कायद्यात कसं बसवायचं यावर वाद होत होते, तेव्हा ज्यानं विद्यार्थ्यांकडून खडी फोडून घेतली होती असा माणूस त्या सभागृहात बसलेला होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते. १९७७ साली तो कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला.

आता आबांच्या वाक्याकडं यायला हवं, कारण खरी मेख तिथं आहे.

एनडींची सभा म्हणजे आमच्याकडं रात्रीचं जेवण लवकर उरकून जायची गोष्ट. आवाज पहाडी, पण नुसत्या आवाजावर लोक बसत नाहीत. ते आकडे मांडत. साखरेचा भाव काय, उतारा किती, तोडणी-वाहतूक किती गेली आणि शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, हा हिशेब सभेत मांडला जाई आणि माणसं मनातल्या मनात आपलं ऊसबिल त्याच्याशी लावून बघत. आबा घरी येऊन कंदिलाच्या उजेडात खरंच बिल काढत. पिवळट, कोपरे मुडपलेला कागद. त्यावर टनेज, पहिली उचल, आणि खाली कपातींची उतरंड. सोसायटीचं कर्ज, त्याचं व्याज, ठेव, शेअर, कसलासा निधी. एकेक ओळीवर बोट ठेवत आबा म्हणायचे, "बरोबर म्हणत हुता माणूस." आणि आजी विचारायची, "मग मत त्यास्नी देनार व्हय?" आबा कागदाची घडी घालायचे.

ते का देत नसत हे त्यांनी मला उशिरा, मी नोकरीला लागल्यावर, नीट सांगितलं. पाण्याला मोटर हवी, तर कर्ज विकास सोसायटीतून. सोसायटीचा चेअरमन तालुक्यातल्या पुढाऱ्याचा. ऊस नोंदवायचा कारखान्याकडं, आणि तोडीची पाळी कुणाची आधी लागणार हे तिथला चिटबॉय सांगणार. उभा ऊस पाळी चुकून महिनाभर उन्हात राहिला, तर वजन घटतं, फडाला तुरे येतात, पुढचं पीक मागं पडतं. आमच्या घराण्यातल्या एका चुलत आजोबांनी एकदा उघडपणे विरोधी पॅनलचा झेंडा लावला. त्यांच्या फडाला त्या वर्षी कोयता लागला तो हंगामाच्या अगदी शेवटाला. कुणी मुद्दाम केलं असं सिद्ध करता येत नाही. सिद्ध करायची गरजही नसते, एक फड पुरतो. "एनडी सांगतात ते खरं," आबा म्हणाले, "पर खऱ्यानं तोड येत न्हाई."

१९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, पाठोपाठ कारखाने, बँका, दूध संघ. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं, म्हणजे काय केलं हे आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांना पुस्तक न वाचता कळलेलं होतं: शेकापचा कालचा कार्यकर्ता आज संचालक झालेला दिसे. त्याला दोष तरी काय द्यायचा? पोराला कारखान्यात चिकटवायचं असे, पोरीचं लग्न असे. एनडींकडं द्यायला यातलं काही नव्हतं. त्यांनी ना साखर कारखाना काढला, ना सूतगिरणी, ना बँक. रयत शिक्षण संस्थेसारखी शेकडो शाळांची संस्था त्यांच्या हाताखालून जात होती, पण तिचा त्यांनी कधी मतांसाठी वापर केला नाही. लोक हे त्यांचं मोठेपण म्हणून सांगतात, आणि ते आहेच. थोरले मामा मात्र इथं थांबत नाहीत. ते म्हणतात, सभेनंतर घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाचं दार कुठलं ते दिसायला हवं. आमच्या गावात ते दिसत नव्हतं. १९६९ ते ७८ आणि पुढं १९८५ पासून पंचवीसेक वर्षं एनडी शेकापचे सरचिटणीस होते, आणि त्याच काळात पक्ष रायगड, सांगोला अशा बेटांपुरता उरत गेला. मामांचं म्हणणं मला पटतं. फक्त पक्षाचं दार म्हणजे शेवटी एक कारखानाच होणार असेल, तर एनडींनी ते उघडायला हवं होतं का, इथं माझं नि मामांचं दर वेळी भांडण होतं.

गंमत बघा. १९७८ च्या जुलैत शरद पवारांचं पुलोद सरकार आलं, त्यात शेकाप होता, आणि एनडींच्या वाट्याला खातं आलं ते सहकाराचं. ज्या सहकारानं त्यांच्या पक्षाचे मतदार एकेक करून उचलून नेले, त्याच खात्याची फाईल त्यांच्या टेबलावर! हे मंत्रिपद जेमतेम एकोणीस महिने टिकलं. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झालं. विदर्भ-मराठवाड्यातले जुने कापूसवाले हा काळ आठवतात तो एकाधिकार खरेदीसाठी. १९७२ पासून राज्यात कापूस सरकारनंच घ्यायचा अशी योजना होती: माल घातला की हमीभाव, पुढं गाठी विकून नफा झाला तर त्यातला वाटा पुन्हा शेतकऱ्याला. व्यापाऱ्याच्या काट्यातून कापूस सोडवायची ही युक्ती चालवणं एनडींना मनापासून आवडणारं काम होतं. आमच्या काळ्या रानात कापूस नाही, त्यामुळं आबांकडं या मंत्रिपदाची एकही गोष्ट नव्हती. लाल दिव्याची गाडी गावात आली की नाही, एवढंही त्यांना सांगता येत नसे.

लोकांनी थेट मतदान करून त्यांना आमदार केलं ते १९८५ साली, आणि तेही कोल्हापूरनं. आमच्या वाळव्यानं नव्हे. कोल्हापूरला शेकापची जुनी सवय होती. १९७७ साली तिथून दाजीबा देसाई लोकसभेवर गेले होते. शहरातल्या माणसाचा ऊस तोडीवाचून अडत नाही, हेही एक कारण असावं. निकाल लागला तेव्हा आबांनी पेढे आणले. आजी म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात तुमचीच धावपळ." आबांनी पेढा तोंडात टाकला आणि गोठ्याकडं गेले.

आजीचा एनडींशी हिशेब निराळा होता. ते अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष, घरात देवदेव न करणारे. ही आख्ख्या गावाच्या उपासांची यादी तोंडपाठ असलेली बाई. त्यांच्या सभेला जायचं असलं की ती आधी मारुतीपुढं नारळ फोडायची, "तिथं काय ऐकाय लागंल ते लागंल" म्हणून. जायची मात्र नक्की. दुष्काळात बायका रोजगार हमीच्या कामावर का जातात आणि त्यांना पुरुषाइतकी मजुरी का मिळायला हवी, हे तिनं तिथं ऐकलं होतं. ते तिनं मला इतकं चोख सांगितलं, की तेवढंच मला मॅट्रिकच्या निबंधात उपयोगी पडलं.

सरोजताई म्हणजे माई, एनडींच्या पत्नी, या शरद पवारांच्या बहीण. पवारांच्या घरात शेकाप बाहेरून आला नव्हता. १९६० साली बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव शेकापचे उमेदवार होते आणि शरदराव काँग्रेसचा प्रचार करत होते. त्यामुळं मेहुण्या-मेहुण्यांत राजकारण जुळलं नाही याचं आमच्या म्हाताऱ्यांना नवल नसे. त्यांना नवल होतं ते दोघांच्या एकत्र बसण्याचं. रयतच्या व्यासपीठावर शरदराव अध्यक्ष, एनडी चेअरमन, आणि त्याच सुमारास रायगडमध्ये एनडी सेझविरुद्ध गावोगाव फिरतायत. पेण, उरण, पनवेल या तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जाणार होती. २००८ च्या २१ सप्टेंबरला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. हेटवणे धरणाच्या पाण्यावर ज्यांची शेती व्हायची ती ही गावं. निकाल सरकारनं रीतसर जाहीर केला नाही. पण पुढं संपादनाची मुदत टळली आणि जमीन शेतकऱ्यांकडं राहिली. एनडी तेव्हा ७९ वर्षांचे होते.

सीमाप्रश्नावर ते जन्मभर बोलत राहिले. बेळगावच्या लोकांना त्यांचा आधार होता, आणि २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर कागदपत्रांचा पाठपुरावा करणाऱ्या जुन्या मंडळींत ते होते. तो दावा ते गेले तेव्हाही तसाच पडून होता.

१७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात ते गेले, ९२ व्या वर्षी. शेकापचेच, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आदल्या जुलैत गेले होते. आबा दोघांच्याही कितीतरी आधी.

थोरले मामा आता नव्वदीच्या आसपास आहेत आणि कोल्हापूरला मुलाकडं राहतात. त्यांना एनडींची सांगायला सगळ्यात आवडणारी गोष्ट टोलची, कारण ती त्यांनी स्वतः पाहिलेली आहे. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते आयआरबी कंपनीनं २२० कोटींच्या प्रकल्पात केले आणि त्या बदल्यात ३० वर्षं टोल घ्यायचं ठरलं. शहराच्या तोंडाशी नऊ नाके. दूध घालायला येणाऱ्या, भाजी विकायला येणाऱ्या माणसानं आपल्याच गावात शिरताना पैसे मोजायचे. एनडी आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे दोघंही त्याविरुद्ध रस्त्यावर होते. मोर्चात म्हातारे पुढं आणि पोरं मागं, असं चित्र मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जानेवारी २०१४ मध्ये लोकांनी नाके पेटवले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांत ते गेले. २०१५ च्या अखेरीस सरकारनं टोल रद्द केला.

शहरात फटाके वाजले. मामांच्या मुलानंही पेढे आणले. मामांनी पेढा बाजूला ठेवला आणि विचारलं, "कंपनीचे पैसे कोण देणार?" सरकार देणार, मुलगा म्हणाला. "म्हणजे कोण?" मुलगा वैतागला, की आता जिंकलोय तर जरा खाऊ द्या. मामांनी कागद-पेन्सिल मागवली. प्रकल्पाचा खर्च, मूल्यांकनाचे वाद, महापालिकेनं कंपनीला दिलेली जागा, हे सगळं त्यांनी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून मांडलं. बेरीज कुठं तरी चुकत होती, म्हणून ते तीन वेळा पुन्हा करत बसले. मुलाच्या बायकोनं शेवटी येऊन सांगितलं, की मामंजी, दिवा घालवायचाय, उरलेलं उद्या करा.